पहिली आवृत्ती की बुक क्लब? एका रहस्यकादंबरीच्या अंगावरचे पुरावे

काजवा

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मागच्या आठवड्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी अमेरिकन रहस्यकादंबरी मागवली. प्रकाशक डबलडे क्राइम क्लब, १९७६. वर्णनात होतं: 'पहिली आवृत्ती, जॅकेटसह, उत्तम स्थिती'. पुस्तक आलं, एका बैठकीत सत्तर पानं वाचली, अगदी मजेत होतो. मग एका मित्राने ते हातात घेतलं, जॅकेटची (पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणाची) आत दुमडलेली पुढची घडी उघडली, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "अरे, ही बुक क्लब एडिशन. फसलास." एवढं बोलून गेला निघून. तेव्हापासून वाचन थांबलंय. पान उलटलं की खुनी कोण याऐवजी पुस्तक कोण हाच विचार येतो.

कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी खुनी फोडून मोकळं होणार. ओळखून आहे तुम्हाला.

तर, बुक क्लब एडिशन म्हणजे नेमकं काय, ती ओळखायची कशी, आणि असली तर बिघडलं काय?

उंटावरचा शहाणा

खुनी विक्रेता. धागा बंद करा.

जुनापुराणा

उंश, थांबा जरा. काजवा, घाबरू नका, आधी पार्श्वभूमी सांगतो.

१९२६ साली हॅरी शेरमन या जाहिरातवाल्या गृहस्थाने अमेरिकेत बुक ऑफ द मंथ क्लब काढला. पुढच्याच वर्षी लिटररी गिल्ड आला. पुस्तकांचं दुकान जवळपास नाही अशा गावांतले लाखो लोक तेव्हा पोस्टावर अवलंबून होते. क्लबचं सभासद व्हायचं, दर महिन्याला पत्रक यायचं, त्यात त्या महिन्याची निवड. खरी गंमत पुढे आहे. 'नको' असं कार्ड वेळेत परत पाठवलं नाही, तर पुस्तक आपोआप दारात! आळस हाच धंद्याचा पाया. लोक इतके वैतागले की शेवटी १९७३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर नियम केला, नकार कळवायला सभासदाला किमान दहा दिवस मिळायलाच हवेत म्हणून.

आता रहस्यकथांचं बघा. त्यांचा वाचक क्लबवाल्यांच्या दृष्टीने सोन्याची खाण. तो एक पुस्तक संपवतो आणि लगेच दुसरं मागतो. म्हणून रहस्यकथांचे वेगळे क्लब निघाले. वॉल्टर ब्लॅक यांचा डिटेक्टिव्ह बुक क्लब १९४२चा, एका बांधणीत तीन-तीन कादंबऱ्या देणारा. डबलडेचा मिस्टरी गिल्ड त्यानंतरचा.

या क्लबांसाठी जी प्रत वेगळी छापायची ती बुक क्लब एडिशन, थोडक्यात बीसीई. मजकूर बहुतेक वेळा तोच, कित्येकदा छपाईच्या प्लेटाही त्याच. फरक अंगावरच्या कपड्यांत. कागद हलका, पुठ्ठा स्वस्त, कापडाऐवजी कापडासारखा दिसणारा कागद, उंची बोटाच्या पेराइतकी नाही पण जाणवेल इतकी कमी.

तळटीप

जुपुंच्या प्रतिसादाला एक पुस्ती, कारण इथे हमखास गोंधळ होतो.

काजवा यांच्या पुस्तकावर 'क्राइम क्लब' आहे म्हणून ते बुक क्लबचं, असं अजिबात नाही. डबलडेचा क्राइम क्लब हा क्लब नव्हताच. ती त्यांची रहस्यकथांची छापमुद्रा, म्हणजे त्या पुस्तकांसाठी वापरायचं प्रकाशनाचं वेगळं नाव, १९२८ ते १९९१ असं चाललं. ब्रिटनमधला कॉलिन्स क्राइम क्लबही तसाच, १९३० ते १९९४. वाचकांनी नाव-पत्ता कळवला तर नव्या पुस्तकांचं पत्रक घरी यायचं, एवढाच त्यात 'क्लब'. वर्गणी नाही, महिन्याची सक्ती नाही. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' १९३० मध्ये कॉलिन्स क्राइम क्लबमध्ये आली, ती पहिलीच आवृत्ती आहे, बीसीई नव्हे.

आणि डिटेक्शन क्लब आणखी तिसराच. तो लेखकांचा. १९३० साली लंडनमध्ये स्थापन झाला, फादर ब्राउनच्या कथा लिहिणारे चेस्टरटन पहिले अध्यक्ष. वाचकाला उगाच फसवणार नाही अशी शपथ घ्यावी लागायची तिथे.

उंटावरचा शहाणा

म्हणजे एका क्लबात सभासद नाहीत, दुसऱ्यात वाचक नाहीत आणि तिसऱ्यात नकार द्यायला विसरलेले लोक. हसून हसून पुरेवाट.

काजवा

तळटीप, हे माहीतच नव्हतं! म्हणजे मित्राने 'क्लब' शब्द वाचला आणि उडी मारली असेल?

जुनापुराणा

असेलही. पण त्याने जॅकेटची घडी उघडली म्हणता, म्हणजे अगदीच अडाणी नाही. तो किंमत शोधत होता. कुठे बघायचं ते सांगतो, तुम्ही पुस्तक हातात घ्या आणि एकेक तपासा.

जॅकेटच्या पुढच्या घडीवर वरच्या कोपऱ्यात दुकानातल्या प्रतीवर किंमत छापलेली असते. क्लबच्या प्रतीवर नसते, कारण क्लबचा दर वेगळा, तो पत्रकात. उलट घडीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'बुक क्लब एडिशन' असं लिहिलेलं असतं.

मग जॅकेट काढा. मागच्या पुठ्ठ्यावर, खाली, कण्याच्या बाजूला बोट फिरवा. बुक ऑफ द मंथ क्लबला तिथे एक खळगा दाबायची सवय होती. कधी ठिपका, कधी चौकोन, कधी पानाचा आकार. शाई नसते, नुसता दाब, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. मात्र खळगा नाही म्हणून हुश्श करू नका. डबलडेच्या स्वतःच्या क्लबांच्या प्रतींवर तो सहसा नसतोच.

कॉपीराइटच्या पानावर 'फर्स्ट एडिशन' आहे का? डबलडे पहिल्या छपाईवर तसं लिहीत असे आणि क्लबच्या प्रतीतून सहसा काढून टाकत असे. हे मात्र डबलडेपुरतंच धरा. बुक ऑफ द मंथवाल्या कित्येक प्रतींवर ते शब्द तसेच राहिलेले दिसतात, प्रकाशकाच्याच प्लेटा वापरल्यामुळे. त्या भरवशावर भलेभले फसलेत. प्रकाशकागणिक रीत वेगळी. रँडम हाउसने तर कहर केला होता, पहिल्या छपाईवर 'फर्स्ट एडिशन' हे शब्द आणि कितवी छपाई ते सांगणारी अंकांची ओळ मात्र २ पासून सुरू. नवशिक्याला वाटतं दुसरी छपाई आणि तो ठेवून देतो परत.

अंकांची ओळ, कागदाचं वजन वगैरे नंतर बघू. आधी एवढं सांगा.

काजवा

तपासलं. एकेक लिहितो, आणि डोकं आणखीच फिरलंय.

वरच्या कोपऱ्यात किंमत नाही. पण तिथे कातरीही लागलेली नाही, कोपरा शाबूत आहे. खालचा कोपरा मात्र तिरका कापलाय.

पुठ्ठ्यावर खळगा नाही. बराच वेळ बोट फिरवलं, बघणाऱ्याला वाटेल पुस्तकाला गुदगुल्या करतोय.

कॉपीराइटच्या पानावर स्पष्ट लिहिलंय: 'फर्स्ट एडिशन'.

आता?

तळटीप

अरेच्चा.

जुनापुराणा

खालचा कोपरा! भेट देताना लोक किंमत कापतात, ती वरची. खालचा कोपरा कापायला एकच कारण असतं. तिथे जे लिहिलं होतं ते कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

जॅकेट बीसीईचं, हे मी लिहून देतो. पण आतलं 'फर्स्ट एडिशन' डबलडेच्या क्लब-प्रतीत शिल्लक असणं विचित्र आहे. काजवा, शेवटची पाच-सहा पानं बघा. मजकुराकडे नको, शिवणीकडच्या आतल्या समासात. पान जरा दाबून उघडावं लागेल. एखादं अक्षर आणि आकडे दिसतात का?

शेवटचं पान

थांबा थांबा. शेवटची पाच-सहा पानं बघायला सांगताय, तेही रहस्यकथेची, तेही सत्तर पानं वाचून थांबलेल्या माणसाला? जुपु, तुम्ही निर्दय आहात.

(मला विचाराल तर मी नेहमी शेवटचं पान आधी वाचते, आयडी उगाच नाही घेतलेला. पण बाकीच्यांचं पाप मला नको.)

जुनापुराणा

खरंच की. काजवा, एक पोस्टकार्ड घ्या, छापलेला मजकूर झाका आणि फक्त कोर उघडी ठेवा.

काजवा

पोस्टकार्ड नव्हतं, पट्टीने झाकलं. एका पानावर आतल्या बाजूला, अगदी शिवणीत बुडालेलं, 'आर ११' असं दिसतंय. (झाकताना एक वाक्य दिसलंच. "ती खोलीत नव्हतीच." कोण ती, आता दोन दिवस झोप नाही.)

तळटीप

याला गटर कोड म्हणतात. डबलडेच्या छापखान्यात १९५० च्या दशकाच्या शेवटापासून ही पद्धत होती. अक्षर वर्षाचं आणि आकडा आठवड्याचा. आर म्हणजे १९७६. तुमची प्रत १९७६ च्या अकराव्या आठवड्यात, म्हणजे मार्चच्या मध्यावर छापली गेली.

इंटरनेटवर ठिकठिकाणी लिहिलेलं सापडेल की गटर कोड दिसला म्हणजे बुक क्लब. साफ चूक. डबलडेच्या दुकानातल्या प्रतींवरही तो असतो. स्टीफन किंगची 'कॅरी' घ्या (रहस्यकथा नव्हे, पण डबलडेचीच, १९७४ची). तिच्या खऱ्या पहिल्या आवृत्तीच्या १९९ व्या पानावर 'पी ६' असतो आणि संग्राहक तो असायलाच हवा म्हणून तपासतात. पी म्हणजे १९७४, सहावा आठवडा. पुस्तक एप्रिलमध्ये बाजारात. हिशोब जुळतो. त्याच लेखकाच्या 'द शायनिंग'मध्ये 'आर ४९' असतो, म्हणजे १९७६ चा शेवट, आणि पुस्तक आलं १९७७ च्या जानेवारीत.

म्हणून कोड आहे की नाही हा प्रश्नच नाही. कोडाची तारीख प्रकाशनाच्या आधीची आहे की नंतरची, हे बघायचं. नंतरची असेल तर तुमची प्रत पहिल्या छपाईची नाही, मग दुकानातली असो की क्लबची. काजवा, तुमची कादंबरी कोणत्या महिन्यात आली होती?

काजवा

शोधलं. मे १९७६.

तळटीप

मग कोड बरोब्बर जागेवर आहे.

रानजाई

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. मी बांधणीच्या कामातली आहे, म्हणून कागदावरचं न वाचता कागद बघायची सवय. काजवा, दोन गोष्टी कराल का?

जॅकेट पुस्तकाला घालून टेबलावर उभं करा आणि बाजूने बघा. जॅकेट पुस्तकाच्या उंचीला बरोबर बसतं का? आणि मागच्या कोऱ्या पानाची पुठ्ठ्याला चिकटलेली बाजू उजेडात तिरकी धरा. काही डाग, खरवड, चिकटपणा?

शेवटचं पान

तोवर अवांतर करू का? जुपुंनी तीन-कादंबऱ्या-एका-बांधणीत प्रकाराचा उल्लेख केला आणि मला राहवेना. माझ्याकडे डिटेक्टिव्ह बुक क्लबचे तसे अकरा खंड आहेत. संग्राहक नाकं मुरडतात, ठोकळे म्हणतात. एका अर्थी खरंय, दिसायला सगळे एकसारखे, कपाटात लावले की वकिलाचं ऑफिस वाटतं. पेरी मेसनवाला एर्ल स्टॅन्ली गार्डनर तर इतक्या खंडांत भेटतो की तोच क्लबचा मालक वाटावा.

पण या ठोकळ्यांनी मला रहस्यकथा वाचायला नव्याने शिकवली, अगदी खरं सांगते.

एरवी रहस्यकथा वाचताना आपल्या उजव्या हाताला सगळं माहीत असतं. चाळीस पानं उरलीत, म्हणजे आत्ता ज्याला अटक झाली तो खुनी नाही. सहा पानं उरलीत, म्हणजे आता उलटापालट नाही, हाच तो. लेखकाने जीव तोडून लपवलेलं आपला अंगठा जाडी मोजून सांगून टाकतो. मी शेवटचं पान आधी वाचते म्हणून सगळे मला हसतात, पण प्रत्येक वाचक थोडं थोडं तेच करत असतो, नजरेने नाही तर हाताने.

तीन-एकत्र खंडात पहिली कादंबरी वाचताना उजव्या हातात अजून दोन कादंबऱ्या असतात. अंगठा आंधळा! अटक झाली, सगळे दिवाणखान्यात जमले, डिटेक्टिव्ह बोलायला लागला आणि मला कळेचना की हा खरा शेवट आहे की लेखकाची हूल. पान उलटलं आणि समोर दुसऱ्याच कादंबरीचं नाव! दचकले मी. असा शेवट आयुष्यात कुठल्या महागड्या पहिल्या आवृत्तीने दिला नाही.

(तिसरी कादंबरी मात्र नेहमीसारखीच. तिथे अंगठा पुन्हा चुगली करतो.)

उंटावरचा शहाणा

विनोद बाजूला ठेवून: हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. ई-बुकात तर टक्केवारीच खाली लिहून येते, ९४ टक्क्याला खुनी. चुगलीची हद्द.

जुनापुराणा

शेपा, छान लिहिलंत. पण मूळ प्रश्न 'बिघडलं काय' असा होता, तर त्यावर माझं मत देऊन टाकतो. ते आवडणार नाही.

वाचायला घेतली असेल तर काहीही बिघडलं नाही. संग्रहासाठी घेतली असेल तर बरंच बिघडलं. पहिली आवृत्ती जपायची ती त्या पुस्तकाचा जन्मक्षण म्हणून. त्या दिवशी दुकानात ते कसं दिसत होतं, कोणत्या किमतीला, कोणत्या कपड्यात. बीसीई त्या क्षणाची नक्कल आहे, आणि त्यातली किंमतच पुसलेली. क्लबांनी लाखोंनी प्रती काढल्या, त्यामुळे दुर्मीळही नाही. 'बीसीई पण जुनी आहे' हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. जुनं असणं म्हणजे पहिलं असणं नव्हे.

शेवटचं पान

जन्मक्षण वगैरे ठीक आहे, पण कित्येक रहस्यकथा जन्मल्याच मुळी साध्या पेपरबॅकात. जॉन डी. मॅक्डोनल्डचा नायक ट्रॅव्हिस मॅगी १९६४ मध्ये थेट फॉसेट प्रकाशनाच्या स्वस्त पेपरबॅकात अवतरला. अशा पुस्तकांना पहिला पुठ्ठा कधीकधी क्लबच देतो. मग तो पुठ्ठा नक्कल कसा?

जुनापुराणा

हा मुद्दा मान्य. पेपरबॅकात जन्मलेल्या पुस्तकाचा पहिला पुठ्ठा क्लबचा असेल तर मीही तो जपून ठेवेन. पण असे अपवाद. नियम नाही.

तळटीप

ब्रिटिश-अमेरिकन नावांचा फासही सांगून ठेवतो, कारण क्लबच्या प्रती गोळा करणारे हमखास त्यात अडकतात. अमेरिकन प्रकाशक ख्रिस्तीची नावं बदलत. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७) अमेरिकेत 'व्हॉट मिसेस मॅक्गिलिकडी सॉ!' झाली, 'फाइव्ह लिटल पिग्ज' झाली 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट', 'आफ्टर द फ्युनरल' झाली 'फ्युनरल्स आर फेटल'. आणि ओरिएंट एक्सप्रेसवरचा तो प्रसिद्ध खून अमेरिकन वाचकांनी १९३४ मध्ये 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणून वाचला. मी एकच कादंबरी दोनदा विकत घेतली आहे, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की दुसऱ्यांदा वाचतानाही खुनी ओळखता आला नाही.

उंटावरचा शहाणा

तळटीप यांच्यासाठी दर महिन्याला तीच कादंबरी नव्या नावाने पाठवणारा क्लब काढू या. नकाराचं कार्ड ठेवायचंच नाही.

काजवा

परत आलो. रानजाई, तुम्ही मांत्रिक आहात का?

उंची: जॅकेट पुस्तकापेक्षा आखूड आहे. पट्टीने मोजलं तर जवळपास पाच मिलिमीटर. वरून पुठ्ठ्याची कड बाहेर डोकावतेय. इतके दिवस मला वाटलं जॅकेट आटलं असेल.

डाग: मागच्या कोऱ्या पानावर तळाशी एक आयताकृती जागा आहे, आजूबाजूच्या कागदापेक्षा फिकट. तिच्या कडेने पिवळट गोंदाची रेघ आणि एका कोपऱ्यात कागदाची वरची साल निघालेली. आधी वाटलं होतं कुणीतरी फोटो चिकटवला असेल.

रानजाई

कागद कधी आटत नाही हो पाच मिलिमीटर.

आता सांगते मला काय दिसतंय ते. तो आयत म्हणजे ग्रंथालयाच्या कार्डाचा खिसा. खिशाखालचा कागद उजेडापासून झाकलेला राहतो म्हणून फिकट, आणि खिसा ओढून काढला की कागदाची साल सोबत जाते. क्राइम क्लबच्या दुकानी आवृत्त्यांचा मोठा वाटा ग्रंथालयांकडेच जायचा, त्यामुळे त्यांच्या पहिल्या आवृत्त्या बऱ्याचदा अशाच सापडतात, खिशाच्या खुणा आणि शिक्क्यांसकट. शिक्का कुठे आहे का? वरच्या कडेवर, पानांच्या जाडीवर बघा. तिथे घासल्यासारखं असेल तर पॉलिश पेपर फिरवलाय.

आणि ग्रंथालयाच्या प्रतीचं जॅकेट कधी धड राहत नाही. प्लॅस्टिकचं आवरण घालून ते पुठ्ठ्याला चिकटवतात, वर क्रमांकाची चिठ्ठी. पुस्तक बाद करताना ते सोलून निघतं किंवा फाटतं.

म्हणून कुणीतरी त्याच कादंबरीची क्लबची प्रत घेतली, तिचं जॅकेट काढलं, 'बुक क्लब एडिशन' लिहिलेला कोपरा कापला आणि या पुस्तकावर चढवलं. क्लबचं पुस्तक बुटकं, म्हणून जॅकेट आखूड. संग्राहकांत अशा जोडीला लग्न लावलेलं जॅकेट म्हणतात.

जुनापुराणा

शंभर टक्के. 'फर्स्ट एडिशन', मार्चचा कोड, मेचं प्रकाशन: पुस्तक खरं. वरची किंमत मुळात नाही, खालचा कोपरा कापलेला, उंची कमी: जॅकेट क्लबचं. मी सुरुवातीला जॅकेट बघून पुस्तकावर निकाल द्यायला निघालो होतो, ते चुकलंच.

काजवा, तुमचा मित्र अर्धा बरोबर होता आणि विक्रेता अर्धा खरं बोलत होता. आधुनिक पहिल्या आवृत्तीत बरीचशी किंमत जॅकेटचीच असते, त्यात ग्रंथालयाची प्रत, म्हणून संग्रहाच्या दृष्टीने फार हातात पडत नाही. पण खालचा कोपरा कापून वर 'जॅकेटसह' लिहिणं ही लबाडी आहे, आणि विक्रेत्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काजवा

वरची कड घासलेलीच आहे. मध्यभागी हात फिरवला की मऊ लागतं, बाजूला खरखरीत. रानजाई, साष्टांग.

विक्रेत्याला रात्री लिहिलं होतं, तुमचे सगळे मुद्दे एका खाली एक. सकाळी उत्तर आलं. एकच ओळ. 'पुस्तक परत पाठवा, पैसे देऊ.' कोपऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

परत पाठवत नाही. जॅकेट काढून बाजूला ठेवलं आणि पुस्तक नुसतंच वाचतोय, कापडी पुठ्ठा हाताला छान लागतो. एकशे दहावर आलोय. 'ती' कोण याचे तीन उमेदवार आहेत आणि तिघीही आत्ता खोलीतच आहेत.

शेवटचं पान

शाबास. मला व्यक्तिगत निरोप करा, मी सांगते कोण ते. पुस्तकाचं नाव कळलं की सांगते.

काजवा

अजिबात नाही.

एक मात्र सारखं मनात येतंय. हे जॅकेट ज्या क्लबच्या पुस्तकावरून काढलं, ते पुस्तक कुठे असेल? बुटकं, हलकं, अंगावर काही नाही, घडीवरचं कथासूत्रही गेलेलं.

उंटावरचा शहाणा

अहो, माझ्याकडे एक जॅकेट नसलेली क्राइम क्लबची आहे, १९७६ चीच. वजनाला हलकी आहे म्हणून प्रवासात नेतो. विनोद नाही करत. नाव सांगा, नाहीतर उंची तरी सांगा. पट्टी घेऊन बसलोय.